पुसलेली फाइल आणि तिची मुदत

क्लाउडवरच्या खात्यातून डिलीट केलेली फाइल त्याच क्षणी नष्ट होत नाही. आधी ती यादीतून दिसेनाशी होते, मग काही दिवस बिनमध्ये राहते, आणि तिथून गेल्यावरही कंपनीच्या साठ्यातून पूर्ण पुसली जायला वेळ लागतो. प्रत्येक टप्प्याची मुदत ठरलेली असते आणि प्रत्येक टप्प्यावर फाइल परत आणण्याची सोय वेगळ्या माणसाच्या हाती असते. बिनमध्ये असेपर्यंत खातेदार ती स्वतः आणू शकतो. बिन रिकामी झाल्यावर, खाते एखाद्या संस्थेचे असेल तर, तिथला खाते-व्यवस्थापक काही दिवस ती आणू शकतो. त्यापुढे मात्र वेगळी ठेवलेली प्रतच कामी येते. म्हणून फाइल परत मिळेल का, याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते: ती कधी गेली, कुठून गेली आणि ती कुणाच्या मालकीची होती.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत हा प्रश्न दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत तीव्र होतो. बारावी, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली मुले खोल्या करून किंवा वसतिगृहात राहतात. त्यांचे जातीचे दाखले, जात वैधता प्रमाणपत्रे, नॉन-क्रिमीलेअर, अधिवासाचे दाखले, गुणपत्रिका आणि नोट्स मोबाइलवर आणि गूगल ड्राइव्हवर असतात. गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींत मिळून वापरली जाते. अँड्रॉइड मोबाइलवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४ पासून याच जागेत मोजला जाऊ लागला. जागा भरली की मेल येणे थांबते. मग घाईघाईने फाइली उडवल्या जातात, आणि बिनमधल्या फाइलीही जागा अडवत असल्यामुळे पाठोपाठ बिनही रिकामी केली जाते. बहुतेक कामाच्या फाइली कायमच्या जातात त्या या दुसऱ्या पायरीला.

सर्वांत आधी

फाइल गेल्याचे लक्षात येताच बिन रिकामी करू नये, अॅप काढून टाकू नये आणि मोबाइल रीसेट करू नये. या तीन गोष्टी टाळल्या तर परतीच्या बहुतेक वाटा शाबूत राहतात.

चौथी गोष्ट सिंकची. ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचे फोल्डर संगणकावर जोडलेले असते तेव्हा एका ठिकाणी झालेला बदल सगळ्या ठिकाणी पोचतो. डिलीट करणे हाही बदलच असल्यामुळे तोही पोचतो. मात्र घरचा एखादा संगणक बरेच दिवस बंद असेल, तर त्यावर जुनी प्रत अजून असू शकते. असा संगणक सुरू करण्यापूर्वी त्याचे वायफाय किंवा केबल बंद करावी, फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि मगच तो इंटरनेटला जोडावा. जोडून सुरू केला, तर ती शेवटची प्रतही काही सेकंदांत जाऊ शकते.

फाइल दुसऱ्याच कुणी पुसली असल्याचा संशय असेल, तर आधी पासवर्ड बदलावा आणि खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे ते सुरक्षाविषयक पानावर पाहून अनोळखी उपकरणे काढून टाकावीत. नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात अर्ज भरताना खाते उघडे राहून गेले, की त्या संगणकावर बसणाऱ्या कुणाच्याही हातून फाइली जाऊ शकतात. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती नष्ट करणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुसली गेली की दिसत नाही?

न सापडणारी प्रत्येक फाइल डिलीट झालेली नसते. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे दुसरे खाते. मोबाइल विकत घेताना दुकानदार एक जीमेल खाते काढून देतो, पुढे कॉलेजचे दुसरे खाते मिळते, घरातल्या कुणाचे तिसरे खाते त्याच मोबाइलवर जोडलेले असते. फाइल एका खात्यात असते आणि शोध दुसऱ्यात चाललेला असतो. अॅपमध्ये वरच्या कोपऱ्यातील चित्रावर बोट ठेवून एकेक खाते तपासले, की पुष्कळदा शोध तिथेच संपतो.

दुसरे कारण मालकीचे. गूगल ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो. क्लासच्या गटात आलेले नोट्सचे फोल्डर हे ज्याने बनवले त्याचे असते, इतरांना फक्त ते पाहण्याची किंवा बदलण्याची मुभा असते. मालकाने ते कायमचे पुसले, तर सगळ्यांकडून जाते. मालक नसलेल्याने काढले, तर ते फक्त त्याच्या यादीतून जाते आणि मूळ दुव्यावरून पुन्हा उघडता येते. म्हणून सामायिक फाइल गेली, तर पहिला फोन मालकाला करावा, कारण ती त्याच्याच बिनमध्ये असते. नेहमी लागणाऱ्या सामायिक फाइलीची प्रत आपल्या खात्यात काढून ठेवली, तर ही वेळच येत नाही.

तिसरा प्रकार अनाथ फाइलींचा. सामायिक फोल्डरमध्ये एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याने तिथून काढली किंवा ते फोल्डरच पुसले गेले, तर फाइल शिल्लक राहते पण कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही. शोधपट्टीत मालक म्हणून स्वतःला निवडून फाइलीचे नाव किंवा प्रकार टाकल्यास ती सापडते. संगणकावर ड्राइव्ह उघडले असता तपशिलाच्या चौकटीत घडामोडींची नोंद असते, त्यात कुणी, कधी, काय हलवले ते कळते.

कोणत्या सेवेत किती दिवस

गूगल ड्राइव्हच्या बिनमध्ये फाइल ३० दिवस राहते. १३ ऑक्टोबर २०२० पूर्वी बिन आपोआप रिकामी होत नसे आणि फाइली तिथे वर्षानुवर्षे पडून असत. बिनलाच साठवणुकीची जागा समजण्याची सवय ज्यांना तेव्हा लागली, त्यांनी ती सोडायला हवी. परत आणण्यासाठी ड्राइव्हच्या मेनूतील बिन उघडावी, फाइलीवर बोट दाबून धरावे आणि रिस्टोअर हा पर्याय निवडावा. फाइल आपल्या मूळ फोल्डरमध्ये जाते.

गूगल फोटोमध्ये बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. इथे दोन पर्यायांतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. अॅपमधील जागा मोकळी करण्याचा पर्याय मोबाइलवरची प्रत काढतो आणि क्लाउडवरची ठेवतो. त्याच अॅपमध्ये फोटो निवडून डिलीट केला, तर दोन्हीकडून जातो. क्लाउडवर तर आहेच, या समजुतीने लग्नाचे किंवा पिकाच्या नुकसानीचे फोटो दुसऱ्या पर्यायाने काढले जातात आणि ६० दिवस उलटल्यावर ते कुठेच उरत नाहीत.

संपर्क क्रमांकांची सोय वेगळी आणि बरीच उदार आहे. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेला क्रमांक ३० दिवस बिनमध्ये असतो. शिवाय बदल मागे घेण्याच्या पर्यायाने संपूर्ण यादी गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळी जशी होती तशी करता येते. मोबाइल बदलताना सगळे क्रमांक गेले, तर हा उपाय सर्वांत जलद.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनची मुदत ३० दिवस आहे, तर कार्यालय किंवा शाळा-कॉलेजच्या खात्यात ती साधारणपणे ९३ दिवस असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरणाऱ्यांना संपूर्ण वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणी होते तसे मागे नेता येते. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर ही सोय मोलाची ठरते. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात ३० दिवस मिळतात, काही व्यावसायिक योजनांत १८० दिवस. अॅपलच्या आयक्लाउडमध्ये फाइली नुकत्याच डिलीट केलेल्यांच्या यादीत ३० दिवस राहतात. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर माहिती परत मिळवण्याचे स्वतंत्र पान आहे आणि पुसलेले संपर्क व दिनदर्शिकाही तिथून आणता येतात.

या मुदती कायमच्या नसतात, कंपन्या त्या बदलतात. म्हणून ज्या सेवेत महत्त्वाची फाइल आहे, तिच्या बिनमध्ये वर लिहिलेली सूचना वाचावी. चालू मुदत तिथे दिलेली असते.

फाइल आहे, पण मजकूर गेला

कधी फाइल जागेवर असते आणि आतला मजकूर पुसलेला किंवा बदललेला असतो. बचतगटाच्या हिशेबाच्या तक्त्यात कुणीतरी चुकून एक पूर्ण स्तंभ काढतो, प्रबंधाच्या मसुद्यावर जुनीच प्रत चढते. अशा वेळी बिनमध्ये काही सापडत नाही, आवृत्त्यांचा इतिहास पाहावा लागतो. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत जशी प्रत्येक बदलाची तारीख आणि जुनी नोंद टिकून राहते, तसा हा इतिहास असतो. गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये तो फाइल मेनूत मिळतो. हवी ती वेळ निवडून जुना मजकूर पाहता येतो आणि तोच पुन्हा चालू करता येतो.

पीडीएफ किंवा वर्डसारख्या चढवलेल्या फाइलींचा नियम निराळा. त्यांच्या जुन्या आवृत्त्या ड्राइव्ह ३० दिवस ठेवतो, आणि आवृत्त्या १०० च्या वर गेल्या तर त्याआधीही काढतो. महत्त्वाची आवृत्ती कायम ठेवण्याची खूण करता येते. प्रबंध लिहिणाऱ्याने प्रत्येक प्रकरण पूर्ण झाल्यावर ही खूण करावी.

व्हॉट्सअॅपचा बॅकअप

व्हॉट्सअॅपच्या बॅकअपला बिन नसते. अँड्रॉइडवर तो गूगल खात्यात जातो आणि प्रत्येक नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो. सकाळी संदेश पुसला आणि रात्री ठरलेल्या वेळी बॅकअप झाला, तर त्या नव्या बॅकअपमध्ये तो संदेश नसतो. म्हणून हवा असलेला संवाद पुसला गेल्याचे कळताच आपोआप होणारा बॅकअप बंद करावा. नंतर अॅप काढून, त्याच मोबाइल क्रमांकाने आणि त्याच गूगल खात्याने पुन्हा घेतल्यास आदल्या रात्रीचा बॅकअप उतरवता येतो. त्यानंतर आलेले संदेश मात्र जातात, म्हणून त्यातले महत्त्वाचे आधी दुसरीकडे घ्यावेत. अॅप काढण्यापूर्वी सेटिंगमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख आणि खाते पाहून घेणे अत्यावश्यक आहे.

अँड्रॉइड मोबाइलच्या स्वतःच्या साठ्यातही व्हॉट्सअॅप गेल्या सात दिवसांपर्यंतच्या प्रती ठेवते. क्लाउडवरचा बॅकअप चालला नाही, तर जाणकाराच्या मदतीने या प्रतींतून संवाद परत आणता येतो. २०२१ पासून बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली लावता येते. ती लावून विसरली, तर व्हॉट्सअॅप किंवा गूगलही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

कॉलेज आणि कार्यालयाची खाती

संस्थेने दिलेल्या खात्यात आणखी एक संधी असते. गूगल वर्कस्पेसमध्ये वापरकर्त्याची बिन रिकामी झाल्यानंतर २५ दिवसांपर्यंत संस्थेचा व्यवस्थापक त्या फाइली परत आणू शकतो. संपूर्ण खातेच काढून टाकले गेले असेल, तर ते २० दिवसांपर्यंत पुन्हा सुरू करता येते. ही सोय कंपनीच्या मदत केंद्रात न मिळता कॉलेजच्या संगणक विभागात मिळते. तिथे फाइलीचे नाव, मालकाचे खाते आणि डिलीट झाल्याची अंदाजे तारीख लिहून अर्ज द्यावा. अर्ज तोंडी राहिला आणि दिवस गेले, तर मुदत हातची जाते.

शिक्षण संपल्यावर संस्था खाते बंद करू शकते, आणि त्याबरोबर प्रकल्प, प्रबंध, प्राध्यापकांशी झालेला पत्रव्यवहार सगळेच जाते. शेवटच्या सत्रातच गूगल टेकआउटमधून सगळी माहिती उतरवून घ्यावी किंवा संस्थेने सोय ठेवली असेल तर वैयक्तिक खात्यात हलवावी.

वैयक्तिक खात्यालाही एक मुदत आहे. दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते त्यातील माहितीसह काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. गावाकडच्या आईवडिलांच्या जुन्या खात्यात घरचे फोटो असतील, तर त्यात अधूनमधून प्रवेश करावा आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे पाहावे. बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि मग खाते परत मिळवण्याचा संकेतही त्याच्याकडेच जाऊ शकतो.

मुदत संपल्यावर

संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल काढून देणारी सॉफ्टवेअर असतात. त्या डिस्कवर डिलीट केल्याने बहुधा फक्त फाइलीची नोंद जाते आणि तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर शिल्लक राहतो. क्लाउडवर हा मार्ग नाही. तिथे फाइलीचे तुकडे होतात, ते सांकेतिक रूपात अनेक डिस्कवर विखुरले जातात आणि त्या डिस्कपर्यंत खातेदाराचा किंवा दुरुस्तीच्या दुकानाचा हात पोचत नाही. गूगलच्या सांगण्यानुसार पुसलेली माहिती चालू यंत्रणेतून पूर्ण जायला साधारण दोन महिने लागतात आणि आपत्तीसाठी ठेवलेल्या प्रतींत ती सहा महिन्यांपर्यंत असू शकते. पण त्या प्रती यंत्रणा कोसळल्यास वापरण्यासाठी असतात, एकेका खातेदाराची फाइल शोधण्यासाठी नसतात. पुसलेली माहिती खरोखर पुसली जाणे हाही नागरिकाचा हक्क आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तो मान्य केला आहे.

मुदत संपल्यावर शोध क्लाउडबाहेर घ्यावा. फाइल कुणाला मेलने पाठवली होती का, हे पाठवलेल्या मेलमध्ये पाहावे. व्हॉट्सअॅपवर ज्यांना पाठवली त्यांच्याकडे ती असू शकते. मोबाइलच्या डाउनलोड फोल्डरमध्ये, गॅलरीच्या स्वतःच्या बिनमध्ये, संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये, जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डवर आणि जिथे प्रिंट काढली त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मेलमध्येही ती सापडू शकते. ड्राइव्हच्या मदत पानावरून कंपनीला विनंती करण्याचा मार्गही आहे, पण तिथे यशाची हमी नसते.

याच अवस्थेत फसवणुकीचा धोका सर्वांत मोठा. इंटरनेटवर शोधलेला ग्राहक सेवा क्रमांक पुष्कळदा खोटा असतो. समोरचा माणूस स्क्रीन दाखवणारे अॅप घ्यायला सांगतो, ओटीपी विचारतो, थोडे शुल्क भरायला लावतो आणि बँक खाते रिकामे करतो. पैसे घेऊन क्लाउडवरची फाइल काढून देण्याचे आश्वासन खरे असू शकत नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

सरकारी कागद पुन्हा मिळतात

प्रवेशाच्या तोंडावर उडालेल्या फाइलींपैकी अनेक शोधण्याची गरजच नसते, कारण मूळ नोंद देणाऱ्या कार्यालयाकडे असते. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये दोन प्रकारची कागदपत्रे असतात. एक, विभागांनी दिलेली: आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका. ती खात्यातून काढली तरी त्या विभागाकडून पुन्हा मागवता येतात, आणि २०१७ मध्ये दुरुस्त केलेल्या नियमांनुसार त्यांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. दुसरी, खातेदाराने स्वतः चढवलेली. ती साधी छायाप्रत असते, तिला ही मान्यता नसते आणि पुसली की ती परत मागवता येत नाही.

राज्य शिक्षण मंडळाच्या लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर, नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे येतात. मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात, आणि जुन्या वर्षांसाठी मंडळाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करता येतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या पदवी परीक्षांचे अभिलेख आहेत. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून अल्प शुल्कात पुन्हा काढता येतो. तहसीलचे दाखले आपले सरकारच्या ज्या खात्यातून अर्ज केला त्यात शोधावेत. अर्ज सेवा केंद्रातून केला असेल, तर पावतीवरचा क्रमांक घेऊन त्याच केंद्रात जावे. म्हणून दाखल्याइतकीच ती पावतीही जपून ठेवावी.

दुसरी प्रत

परत मिळवण्याचे सगळे उपाय मुदतीत बांधलेले आहेत. मुदत नसलेला उपाय एकच, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. वेगळ्या ठिकाणाचे महत्त्व या भागाला समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, गावेच्या गावे कोसळली आणि घरांतली कागदपत्रेही दगडमातीखाली गेली. गोदावरीला मोठा पूर आला, की नांदेडच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. अशा आपत्तीत क्लाउडचा मोठा आधार आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये भारतात आपली क्लाउड केंद्रे सुरू केली आणि मुंबई-पुणे परिसर त्यांचे मोठे ठाणे झाला. क्लाउड कंपन्या एकाच माहितीच्या अनेक प्रती ठेवतात, त्यामुळे एखादे यंत्र बिघडले तरी ती टिकते.

पण या सगळ्या प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सदोष सॉफ्टवेअरमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खातेदारांचे मेल दिसेनासे झाले. दोष एकाच वेळी अनेक प्रतींवर चालला होता. मेल परत आले ते यंत्रणेपासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये संगणकावरील गूगल ड्राइव्हच्या काही आवृत्त्यांत बिघाड झाला आणि अद्याप वर न चढलेल्या फाइली काही जणांना दिसेनाशा झाल्या. त्या वेळी ज्यांनी अॅप न काढता आणि खाते न तोडता वाट पाहिली, त्यांना पुढच्या महिन्यात आलेल्या दुरुस्तीचा उपयोग होऊ शकला.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम यासाठीच आहे. फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: एक प्रत मोबाइलवर, एक ड्राइव्हवर आणि एक गावाकडच्या घरी पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरता ठेवला तर बिघडू शकतो, म्हणून वर्षातून एकदा तो उघडून फाइली पाहाव्यात आणि काही वर्षांनी बदलावा. बहुतेक वेळ क्लाउडला न जोडलेले ते साधन असल्यामुळे क्लाउडवर पुसलेली फाइल त्याच्यावरून पुसली जात नाही.

प्रत घेतली की ती उघडून पाहावी. न उघडणारी, अर्धवट उतरलेली किंवा पासवर्ड विसरलेली प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच. एकदा एखादी बिनमहत्त्वाची फाइल मुद्दाम डिलीट करून ती बिनमधून, आवृत्तीतून आणि पेनड्राइव्हवरून परत आणून पाहावी. प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर आली असताना हा मार्ग पहिल्यांदा शोधण्यापेक्षा तो आधीच माहीत असणे केव्हाही चांगले.